नव्या गाडीसोबतचे कर्ज, विमा आणि ॲड-ऑन: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पुण्यात कर्जावर घेतलेल्या हॅचबॅकने एक पूर्ण पावसाळा पाहिला असल्यामुळे, गाडीपेक्षा तिच्यासोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या गोष्टींविषयी लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते. शोरूमच्या पहिल्या कोटेशनमध्ये पेंट प्रोटेक्शन, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरी पॅक आणि कर्जफेडीचा विमा (कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेले कर्ज फेडणारा) हे सारे न विचारताच धरलेले होते आणि ‘हप्त्यात फारसा फरक पडत नाही’ एवढेच त्याचे समर्थन होते. परंतु ही रक्कम कर्जात मिळवली की तिच्यावर संपूर्ण मुदतभर व्याज भरावे लागते.

मला सर्वांत उपयोगी पडले ते ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एकत्र दाखवणारा कागद. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ (रिटेल) मुदत कर्जांसाठी, म्हणजे वाहन कर्जासारख्या कर्जांसाठीही, ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावेच लागते. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे व्याज आणि इतर शुल्क धरून कर्जाचा वर्षाचा खर्च, असतो, आणि कर्जदात्यामार्फत वसूल होणारा विम्याचा हप्ताही त्या दरात धरावा लागतो. माझ्या कागदावर कर्जफेडीचा विमा स्वतंत्र ओळीत दिसला. माझ्याकडे पुरेसा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) असल्याने मी तो लेखी नाकारला आणि सुधारित कागदात दर उतरला. म्हणूनच हा कागद बुकिंगच्या वेळीच मागावा, डिलिव्हरीच्या घाईत नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

गाडीच्या विम्याबाबत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशामुळे नव्या कारसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा) सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेता येतो आणि कंपनी निवडण्याचा अधिकार ग्राहकाचाच असतो. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) नव्या पॉलिसीवर घेता येतो, ही गोष्ट शोरूममध्ये कोणीही आपणहून काढली नाही.

झिरो डेप, म्हणजे दाव्यातून घसारा (वापरामुळे भागांच्या किमतीत होणारी घट) न कापणारे ॲड-ऑन, घेतल्याचे मात्र समाधान आहे. बंपर बदलावा लागला, तेव्हा प्लॅस्टिकच्या भागांवर एरवी होणारी ५० टक्के घसारा कपात टळली आणि अनिवार्य वजावटीचे (दाव्यात आपणच भरायचे) १,००० रुपयेच खिशातून गेले. रस्त्यावर पाणी तुंबणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्शन हे ॲड-ऑनही जरूर घ्यावे, कारण पाणी शिरून बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करताना झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारले जाते. पेंट प्रोटेक्शन मी घेतले नाही. नियमित धुण्यापुसण्यावर रंग आजही उत्तम आहे.