मॉड्युलर मार्गाने वैमानिक प्रशिक्षण : बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

नोकरी सांभाळून मॉड्युलर मार्गाने, म्हणजे एकेक टप्पा सुटा घेत, विमान चालवायला शिकतोय. पीपीएल (खासगी वैमानिक परवाना) हातात आहे, सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिक परवाना) उड्डाणाचे तास भरणं चालू आहे. इंटिग्रेटेड (सगळे टप्पे एकत्र, सलग) कोर्स की मॉड्युलर, असं विचारलं की सगळे आधी पैशांचं बोलतात. माझ्या मते खरा प्रश्न सलगतेचा आहे.

मॉड्युलरमध्ये टप्पे सुटे घेता येतात, पैसेही तसेच जातात. पण दोन-तीन आठवडे उडणं झालं नाही की पुढचा धडा उजळणीतच संपतो. क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) विमान धावपट्टीच्या रेषेत धरणं, फ्लेअरची (उतरताना जमिनीजवळ विमानाचं नाक उचलण्याची) उंची नजरेने ओळखणं, हे हातातून फार लवकर जातं. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांत पीपीएलसाठी किमान ४० तास आहेत, मान्यताप्राप्त कोर्समध्ये ३५. धडे विरळ पडले तर ते पुरत नाहीत, त्यामुळे बजेट किमान तासांवर बांधू नका. आठवड्यातून दोनदा उडता येईल एवढी सोय झाल्याशिवाय सुरुवातच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्स्ट्रक्टरही शक्यतो एकच ठेवा. नवा माणूस आला की आधी तुम्हाला जोखण्यातच एक-दोन उड्डाणं जातात.

सीपीएलला आयकाओचे किमान २०० तास, सलग मान्यताप्राप्त कोर्स केला तर १५०. हा फरक अनेकांना तोटा वाटतो. मला मात्र सगळ्यात जास्त याच जादा तासांनी शिकवलं. शेजारी कुणी नसतं. ढग खाली येतायत, इंधन किती उरलंय, पुढे जायचं की परत फिरायचं, सगळं आपणच ठरवायचं. दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून किमान ५४० किलोमीटरची क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण) करावी लागते. ती झाल्यावर नकाशा, वारा आणि घड्याळ यांचा मेळ डोक्यात पक्का बसतो.

पीपीएलला क्लास २ मेडिकल (वैद्यकीय तपासणी) चालतं. तरी व्यावसायिक वैमानिक व्हायचं असेल तर पहिला पैसा भरण्याआधी त्याहून कडक क्लास १ करून घ्या. त्यात अडकलात तर पुढचा सगळा खर्च वाया जाईल.

एमपीएल (मल्टि-क्रू पायलट लायसन्स, एअरलाइनच्या सहवैमानिकासाठीचा परवाना) हा तिसरा मार्ग. त्यात किमान २४० तास, पण बरेचसे सिम्युलेटरवर, आणि प्रशिक्षण सहसा एकाच एअरलाइनशी बांधलेलं. तिची भरती थांबली तर पर्याय कमी उरतात, म्हणून मी तिकडे वळलो नाही.

माझा पुढचा टप्पा इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा. तो मात्र नोकरीतून सलग रजा काढूनच करणार आहे. बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचा सराव तुटक झाला, तर पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागेल.