स्काइप गेल्यावर आईला फोन: आठ महिन्यांचा हिशेब

इंटरनेटवरून कुठल्याही साध्या फोन नंबरवर स्वस्तात फोन लावून देणारं स्काइप 5 मे 2025ला बंद झालं. माझ्या ओळखीतल्या कुणालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते अजून वापरतं कोण, असंच सगळे विचारत होते. मी वापरत होतो, रोज. माझी आई पाटण तालुक्यात राहते आणि तिच्याकडे बटणांचा फोन आहे. स्मार्टफोन घेऊन दिला होता, तो पिशवीत गुंडाळून कपाटात गेलाय. शिवाय आमच्या घरी रेंज येते ती फक्त ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, तुळशीजवळ. तिथं व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ वगैरे विसराच. मला अमेरिकेतल्या कोलंबसहून तिच्या मोबाइल नंबरवर साधा फोन लागतो, दहा-पंधरा मिनिटांचा.

पुण्यात शिकत असताना रात्री अकरानंतर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर पाव व्हायचा, म्हणून पिवळ्या बूथसमोर रांगेत उभे राहायचो. नजर त्या लाल आकड्यांच्या मीटरवर. शेजारच्या काकूंकडे फोन होता, आईला बोलावून आणेपर्यंतच दोन-चार रुपये जायचे. त्यामुळे ‘स्वस्तात फोन’ हा विषय माझ्या अंगातच भिनलाय, हे आधीच सांगून टाकतो.

स्काइपमध्ये उरलेले पैसे, ते बंद झाल्यावरही चालू राहिलेल्या त्यांच्या वेब डायल पॅडवरून संपवले. मग इथल्या इंडियन स्टोअरमधून पाच डॉलरचं कॉलिंग कार्ड आणलं. पाठीवरची पट्टी खरवडून पिन टाकायचा, ते जुनंच प्रकरण. बारीक अक्षरांतले कनेक्शनचे आणि देखभालीचे आकार वजा जाता कार्डावर छापलेल्या मिनिटांच्या निम्मीसुद्धा मिळाली नाहीत. पण खरी गंमत वेगळीच. आईने तीनदा फोन उचलला नाही. चौथ्यांदा उचलून म्हणाली, “रोज येगळ्या नंबरवरनं करतूयास. मला वाटलं, बँकेचं नाव सांगून पैसे काढणारा कुणी हाय.”

तिच्या फोनवर दरवेळी वेगवेगळे भारतीय मोबाइल नंबर दिसत होते. मी बोलतोय ओहायोतून आणि नंबर मात्र इथला-तिथला कुणाचा तरी! याचं कारण सिम बॉक्स. कॉल इंटरनेटवरून भारतात आणायचा आणि ढीगभर सिमकार्डं खोचलेल्या पेटीतून लोकल म्हणून पुढे ढकलायचा. परदेशातून येणाऱ्या कॉलवर भारतातल्या कंपनीला मिनिटाला 35 ते 65 पैसे मिळायला हवेत. ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, 2020 पासून ही मर्यादा ठरवलीय. पेटीवाले ते बुडवतात. धंदा बेकायदा आहे, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि माझ्या आईला मी चोर वाटतो. कार्ड फेकून दिलं.

त्या दिवसांत भारतात कुणालाही फोन लावला की सायबर फसवणुकीपासून सावध राहा, अशी टेप आधी ऐकावी लागायची. आईने ती इतरांपेक्षा जास्त मनावर घेतली. त्यामुळे मिनिटाचा दर काय, हा प्रश्न माझ्यासाठी दुसऱ्या नंबरवर गेला. आईच्या स्क्रीनवर कोण दिसतंय, हा पहिला.

मे अखेरीपासून गूगल व्हॉइस वापरतोय, ही गूगलची इंटरनेटवरून साध्या नंबरवर फोन लावायची सेवा. वैयक्तिक खात्यासाठी अमेरिकेतला फोन नंबर लागतो, त्यामुळे आखातातल्या किंवा युरोपातल्या मंडळींना त्याचा उपयोग नाही. भारतात कुठेही, मोबाइल असो वा लँडलाइन, मिनिटाला एक सेंट, म्हणजे नव्वदेक पैसे. तिकडचे 35 ते 65 पैसे धरले तर याहून फार खाली कुणी प्रामाणिकपणे जाऊच शकत नाही. एवढं कळल्यावर मी स्वस्ताईचा शोध थांबवला. तीनदा दहा-दहा डॉलर भरले, आता चौथे चालू आहेत. आठ महिन्यांत तीन हजारांवर मिनिटं झाली.

नंबर एकच दिसतो, हा खरा फायदा. भाच्याने तो आईच्या फोनमध्ये माझ्या नावाने सेव्ह करून दिला. तरी महिन्यातून एखाद्या वेळी नुसतं ‘अननोन’ येतं. वाटेत कुठंतरी नंबर गळतो, त्यावर इलाज सापडला नाही. आमचं ठरलंय: असा फोन आला तर आईने उचलायचा नाही, मी दोन मिनिटांनी पुन्हा करणार. आवाज चांगला येतो, पण बोलणं किंचित मागे राहतं. आई “जेवलास का रं?” विचारते आणि मी उत्तर देईपर्यंत तीच पुढचं बोलायला लागते.

तिला मला फोन करता येत नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. तिच्या सिमवर आयएसडी, म्हणजे परदेशी फोन करायची सोय, नाही आणि मला ते चालूही करायचं नाही. त्यासाठी माझं जुनं भारतीय सिम कामी आलं. ते एका पडीक फोनमध्ये घालून एअरप्लेन मोडवर, फक्त वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून फोन) चालू ठेवून स्वयंपाकघरात ठेवलंय. आई मिस्ड कॉल देते, मी न उचलता गूगल व्हॉइसवरून लावतो. बँकेचे ओटीपी येतात ते वेगळंच. डेटा नसलेला 84 दिवसांचा रिचार्ज पुरतो. सुरुवातीला त्याच सिमवरून थेट बोलायचो. एकदा एअरप्लेन मोड राहून गेला, सिमने इथलं नेटवर्क पकडलं आणि सगळा बॅलन्स गिळला. कंपनीच्या मदत केंद्राने रोमिंगचा नियम वाचून दाखवला. तेव्हापासून त्यावर फक्त मिस्ड कॉल.

नोव्हेंबरमध्ये मात्र माझीच चूक झाली. 2 तारखेला इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. मी नेहमीप्रमाणे सकाळी दहाला लावला, तर गावात साडेसातऐवजी साडेआठ वाजले होते आणि आई तासभर थंडीत ओट्यावर बसून होती. आता स्वेटर, फोन आणि पाट तुळशीजवळच असतो, आणि मी नऊला लावतो. मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली की पुन्हा दहा.

घरच्यांकडे स्मार्टफोन आणि बरी रेंज असेल तर यातलं काहीच करू नका, व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे. नसेल तर दहा डॉलर भरा, आणि पहिला फोन करण्याआधी तिकडे कुणाला तरी सांगून नंबर सेव्ह करून घ्या.