‘गिअरबॉक्स गेलाय’ म्हणणाऱ्याला ११,८०० रुपये दिले, त्याची गोष्ट

नेरुळमधल्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार. लॉनसाठी आमच्याकडे पेट्रोलवरचं, आपणहून पुढे जाणारं गवत कापायचं मशीन आहे. हँडलवरचा लिव्हर दाबला की त्याची वायर ताणली जाते, इंजिनचा बेल्ट गिअरबॉक्स फिरवतो आणि मागची चाकं फिरतात, माळीकाकांनी फक्त वळवायचं. जूनअखेर पहिल्या पावसाने गवत वाढलं आणि मशीन पुढे जाईना. इंजिन चालू, पातं फिरतंय, चाकं मात्र ढिम्म. पस्तीसेक किलोंचं ते धूड काका ओल्या गवतातून ढकलत होते. ते त्याच दिवशी म्हणाले होते, “ताई, वायर ढिली झालीय. बाइकच्या क्लचची होते ना, तशी.” मी म्हटलं, “राहू द्या काका, माणूस बोलावते.” याची चुटपुट मला अजून आहे.

नेटवर नंबर मिळाला. माणूस आला, स्वच्छ शर्ट, हातात पाना-पकडीची पेटी. त्याने वायरकडे पाहिलंही नाही. मशीन आडवं केलं, चाक हाताने पुढे फिरवलं आणि म्हणाला, “मॅडम, ऐका. कट-कट वाजतंय ना? आतले दाते तुटलेत. गिअरबॉक्स गेला.” आवाज खरंच येत होता, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

हे नीट वाचा, कारण सगळी फसवणूक या आवाजावर उभी होती. चाकाच्या आतल्या बाजूला दाते असतात आणि त्यात एक लहान गिअर बसतो. आमच्या मशीनमध्ये त्या गिअरला खटका आहे. चाक हाताने पुढे फिरवलं की तो सुटत जातो आणि कट-कट वाजतं, सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. म्हणजे धडधाकट मशीनही असं वाजतं!

गिअरबॉक्स तो वर्कशॉपला घेऊन गेला. आठ दिवसांनी बसवून दिला. गिअरबॉक्स ९,०००, बेल्ट १,०००, मजुरी १,८००. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद. मशीन चालू केलं तर पांढरा धूर, तर म्हणे इंजिनचंही काम निघालंय, आणखी चार हजार लागतील. ते मी नाकारलं, आणि धूर थोड्या वेळाने आपोआप थांबला. त्याने मशीन चुकीच्या कुशीवर पाडलं होतं, म्हणून ऑइल कार्बोरेटरकडे उतरून जळत होतं. आडवं करायचं तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या अंगाला ठेवून.

मशीन पळायला लागलं, पण लिव्हर सोडला तरी चाकं थांबेनात. झोपाळ्यांजवळ मुलं असतात, काकांच्या पायात साधी चप्पल. मी फोन केला तर म्हणाला, “नवीन आहे, सेट होईल.” गणपतीच्या आठवड्यात जळक्या रबराचा वास आला आणि मशीन पुन्हा बसलं.

या वेळी तुर्भ्याच्या एका ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं आणि काका व मी शेजारीच उभे राहिलो. त्यांनी आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला केली, म्हणजे इंजिन चुकून चालू होणार नाही, मगच खाली हात घातला. ‘नवा’ गिअरबॉक्स काळा चकचकीत होता. मिस्त्रींनी नखाने खरवडलं तर रंगाची खपली निघाली, आणि तिच्याखाली चिकटलेली वाळक्या गवताची काडी. जुन्यावरच स्प्रे मारलेला. बेल्टही जुनाच, कडेला चिरा आणि आतून घासून काचेसारखा गुळगुळीत. पहिल्या माणसाने केलेलं काम एकच, वायर ताणली होती. तीही इतकी की लिव्हर सोडल्यावरही बेल्ट पुलीवर घासत राहायचा. त्यातच तो जळला.

नवा बेल्ट ७५०, मजुरी ३००. मिस्त्रींनी काकांना वायरचं गणितही दाखवलं. इंजिन बंद. लिव्हर सोडून मशीन पुढे ढकललं तर अडखळता कामा नये. लिव्हर दाबून मागे ओढलं तर मागची चाकं जाम व्हायला हवीत. दाबूनही सहज मागे येत असेल तर वायर ढिली, इंजिन चालू असताना लिव्हर सोडूनही चाकं फिरत राहिली तर जास्त ताणलेली. वायरवरचा ॲडजस्टर थोडा थोडा फिरवायचा आणि दर वेळी पुन्हा ओढून बघायचं. चाकाच्या दात्यांत अडकलेलं ओलं गवत काढायचं.

कुणी गिअरबॉक्स गेला म्हटलं तर आधी ही ओढून बघायची परीक्षा त्याच्यासमोर करा. पार्ट बाहेर नेत असेल तर त्यावर खिळ्याने खूण करा, फोटो काढा, जुना पार्ट परत मागा आणि पक्कं बिल घ्या. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. रंगाच्या खपलीचे फोटो पाठवल्यावर त्या पहिल्या माणसाने माझा नंबर ब्लॉक केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे. तो वहीचा कागद आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवली आहे.

गिअरबॉक्स अजून मूळचाच आहे. काल काकांनी त्याच मशीनने अख्खं लॉन कापलं.