कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरचं हिरवं मोजताना: उपग्रह आणि पाइपची चौकट, चौदा महिन्यांनंतर

गेल्या जूनपासून चंद्रपूरजवळच्या एका जुन्या ओबी ढिगाऱ्यावरची झाडं मोजतोय. ओबी म्हणजे कोळशापर्यंत पोचण्यासाठी उपसून टाकलेली माती, मुरूम, काळा शेल दगड. साधनं दोनच: सेंटिनेल-2 या उपग्रहांची फुकट मिळणारी चित्रं आणि पीव्हीसी पाइप जोडून घरी केलेली एक बाय एक मीटरची चौकट. सोबत कॉलेजची चार पोरं, आणि परवानगीचा कागद.

आधी उपग्रहाबद्दल. दोन उपग्रह मिळून दर 5 दिवसांनी वरून जातात आणि चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 बाय 10 मीटर. ब्राउझरमध्ये ढिगाऱ्याभोवती रेघ आखायची, तारीख निवडायची, एनडीव्हीआय म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक लावायचा. पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, प्रकाश परतवतं. त्या दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागलं की हिरवेपणाचा आकडा. शिकायला मला एक रविवार पुरला. पावसाळ्यात मात्र ढगांपुढे इलाज नाही. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे नेमकी रोपं जोर धरतात तेव्हा, माझ्या हाती दोनच स्वच्छ चित्रं आली.

ऑक्टोबरचं चित्र पाहून आम्ही खूश. उताराचा दक्षिणेकडचा पट्टा गर्द हिरवा! पोरांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी चढून गेलो तर तिथे शेळ्या चारणारे एक काका भेटले. मोबाइल दाखवला तर हसले, म्हणाले, "सर, हा सारा रायमुनियाच हाये जी. झाडं त्या पल्याड." रायमुनिया, म्हणजे घाणेरी. मधे मधे गाजरगवत. लावलेली रोपं त्याखाली शोधावी लागत होती.

तेव्हापासून नियम केला: ऑक्टोबरच्या चित्रावर झाडांबद्दल काही बोलायचं नाही, ते गवत-झुडपाचं चित्र. झाडं बघायची तर गवत वाळल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

तिथेही गंमत आहेच. आमच्या ढिगाऱ्यावर दोन तुकडे शेजारी शेजारी आहेत. एकात ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि सुबाभूळ, दुसऱ्यात पळस, साग, बेहडा, थोडा बांबू. मार्चच्या चित्रात पहिला तुकडा हिरवागार, दुसरा जवळजवळ उजाड. प्रत्यक्षात दुसऱ्या तुकड्यात पळस फुलला होता आणि फुलावर मैनांची झुंबड. पानझड हा आपल्याकडच्या झाडांचा स्वभाव. आकड्याला तो मरतुकडेपणा वाटतो. नुसत्या उन्हाळी एनडीव्हीआयवर गुण दिले तर पुढच्या वर्षी सगळे ऑस्ट्रेलियन बाभूळच लावतील. म्हणून आता एकाच तुकड्याचे वर्षभरातले चढउतार बघतो. पानझडीच्या तुकड्याची रेघ डोंगरासारखी वरखाली होते, सदाहरिताची बरीच सपाट. ही रेघ कळली तेव्हा खरी मजा आली.

आणखी एक खोड: जमीन काळी असली की तेवढ्याच पानांना एनडीव्हीआय जास्त दिसतो. कोळशाच्या शेलवर विरळ गवतही भाव खाऊन जातं. त्यासाठी सावी नावाचा सुधारित निर्देशांक आहे, जमिनीचा परिणाम कमी करणारा. फॉर्म्युला हाताने टाकावा लागतो, पण टाकाच.

आता चौकट. खर्च दोनशेच्या आत, बिघडायला काही नाही. ठरलेल्या ठिकाणी ठेवायची, आतल्या जाती आणि जमिनीचं झाकण लिहायचं. झाडांसाठी दोरीने दहा बाय दहाचा चौरस. आत किती रोपं जिवंत, बुंध्याचा घेर किती, आपोआप उगवलेलं काय. हे शेवटचं फार मोलाचं. न लावलेला कडुनिंब उगवला की पाखरं येऊ लागली म्हणायचं. तोटा वेळेचा: सकाळी सहाला सुरू करून उन्हाळ्यात नऊला उतरावंच लागतं. फोनच्या जीपीएसवर भरवसा ठेवून पहिल्या खुणा केल्या आणि पुढच्या फेरीत अर्ध्या सापडल्या नाहीत. काही चौकोन तर पावसाच्या घळीत वाहून गेले. आता लोखंडी सळ्या ठोकतो. दाट झुडपात एकट्याने शिरत नाही. चंद्रपुरात ढिगाऱ्यांवर वाघ असतो, हे इथल्यांना सांगायला नको.

कुणी विचारेल, कोल इंडियाची सीएमपीडीआय ही खाण-नियोजन करणारी कंपनी उपग्रहावरून पाहणी करतेच की. करते: कोळसा आणि ओबी मिळून वर्षाला 50 लाख घनमीटरहून जास्त काढणाऱ्या उघड्या खाणींची दरवर्षी, बाकीच्यांची दर तीन वर्षांनी. त्यातून लागवडीखालचं क्षेत्र कळतं. रायमुनियाखाली करंज जगला की मेला, ते कळायला गुडघे टेकावे लागतात.

एकच निवडायचं तर मी चौकट घेईन. उपग्रह मात्र चौकट कुठे ठेवायची ते छान सांगतो, आणि दहा वर्षांपूर्वीचा ढिगाराही दाखवतो, जो मी बघितलेलाच नव्हता. येत्या मार्चमध्ये पळसाच्या तुकड्यात दहा चौकोन वाढवतोय. सळ्या आणून ठेवल्यात.