अल्फाफोल्ड सर्व्हर: प्रथिनाचा आकार चोख, कामाचा पत्ता अर्धवट

गूगल डीपमाइंडने मे 2024मध्ये खुला केलेला अल्फाफोल्ड सर्व्हर बीएस्सी-एमएस्सीच्या प्रयोगशाळेत रोजच्या वापरात यावा असा आहे. पैसे लागत नाहीत, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, गूगल खातं पुरतं. अमिनो आम्लांचा क्रम चिकटवला की थोड्या वेळात त्रिमितीय घडी हातात. सर्व्हरमागच्या अल्फाफोल्ड या एआय मॉडेलच्या आधीच्या आवृत्तीसाठी डीपमाइंडच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना 2024च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्यामुळे बोलबालाही भरपूर. आकारापुरता तो खरा आहे. पण प्रथिन काम कसं करतं याचं उत्तर इथे मिळेल म्हणून गेलात तर फसाल. हिमोग्लोबिन चालवून बघा, दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात.

युनिप्रॉट या प्रथिनांच्या क्रमांच्या डेटाबेसवरून हिमोग्लोबिनची अल्फा साखळी (पी69905, 142 अमिनो आम्लं) आणि बीटा साखळी (पी68871, 147) घ्या. दोन्हींच्या सुरुवातीचं मेथिओनिन, म्हणजे पहिलं ‘एम’ हे अक्षर, काढून टाका. शरीरात ते साखळीतून कापलंच जातं. ते ठेवलं तर पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि पुस्तकातलं बीटा साखळीचं सहावं ग्लुटामिक आम्ल फाइलमध्ये सातवं होऊन बसतं. अर्ध्याअधिक प्रोजेक्टांत घोळ होतो तो इथेच. आता अल्फाच्या दोन प्रती, बीटाच्या दोन प्रती, आणि लिगँडच्या, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या छोट्या रेणूंच्या, यादीतून हीम (ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त रेणू) निवडून त्याच्या चार प्रती. जॉबचा आकार सर्व्हर टोकनमध्ये मोजतो: प्रत्येक अमिनो आम्लाला एक टोकन, लिगँडच्या मात्र हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूला एक. हीमचे असे 43 अणू, म्हणून 574 अधिक 172, एकूण 746 टोकन. मर्यादा 5000ची आहे, तेव्हा हिमोग्लोबिन आरामात बसतं. दिवसाला किती जॉब टाकायचे यालाही मर्यादा आहे, म्हणून वर्गातल्या सगळ्यांनी एकाच खात्यावरून धडाधड जॉब टाकू नयेत.

निकालात पाच मॉडेलं येतात. पहिलं उघडून प्रोटीन डेटा बँकेतल्या 4एचएचबी या प्रयोगातून मिळालेल्या रचनेवर (रिझोल्यूशन म्हणजे बारकावा 1.74 अँगस्ट्रॉम; एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) बसवून पाहा. घडी छान जुळते. बीटा साखळीच्या 92व्या आणि अल्फाच्या 87व्या हिस्टिडिनचं नायट्रोजन हीमच्या लोहाकडे वळलेलं आहे ना, अंतर साधारण दोन-सव्वादोन अँगस्ट्रॉम भरतं ना, हेही मोजा. पण जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका. सप्टेंबर 2021पर्यंत जाहीर झालेल्या रचनांवर हे मॉडेल शिकलंय आणि हिमोग्लोबिन त्यात डझनावारी आहेत. पाठ केलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, इतकंच.

आता बीटामधल्या सहाव्या जागी ‘ई’ (ग्लुटामिक आम्ल) काढून ‘व्ही’ (व्हॅलिन) घाला. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या सिकलसेलची तपासणी शिबिरं होतात, त्या आजारामागचा हाच बदल. पुन्हा चालवा. चित्र जवळपास तसंच येतं, विश्वासाचे आकडेही, म्हणजे सर्व्हरला आपल्या चित्राची किती खात्री आहे तेही, तसेच. विद्यार्थी इथे गोंधळतात, काही जण तर ‘बदलाचा परिणाम नाही’ असा निष्कर्ष लिहून मोकळे होतात. खरं तर एका रेणूची घडी या बदलाने बिघडतच नाही. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत सहाव्या जागचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरच्या खाचेत, 85व्या फेनिलअ‍ॅलॅनिन आणि 88व्या ल्युसिनजवळ, जाऊन बसतं. मग रेणूला रेणू चिकटून लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. ही शेजाऱ्यांची मिठी बघायची तर डेटा बँकेतली 2एचबीएस उघडा. त्या स्फटिकात दोन रेणूंमधला हा संपर्क सरळ दिसतो. एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम तपासायला अल्फाफोल्ड बनवलेलाच नाही, आणि बनवणारेही ते सांगतात.

तीच गत ऑक्सिजनची. ऑक्सिजन धरताना हिमोग्लोबिनची एक अल्फा-बीटा जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे 15 अंश फिरते, आणि ऑक्सिजन पकडण्या-सोडण्याचं सगळं इंगित त्या फिरण्यात आहे. सर्व्हर मात्र एक स्थिर चित्र देतो. ते कुठल्या अवस्थेचं, याची चिठ्ठी सोबत येत नाही. ऑक्सिजन लिगँडच्या यादीत नाहीच. यादी एकूणच आखूड आहे: एटीपी, एडीपी, हीम, एनएडी, काही मेदाम्लं, क्लोरोफिल असे मोजके रेणू, शिवाय जस्त, मॅग्नेशियम, कॅल्शियमसारखे आयन. आपल्या मनाचं औषध घालून बघण्याची सोय नाही.

रंग वाचायला शिकल्याशिवाय एकही चित्र अहवालात चिकटवू नये. गडद निळा म्हणजे विश्वासांक 90च्या वर, फिका निळा 70 ते 90, पिवळा 50 ते 70, नारिंगी 50च्या खाली. नारिंगी भागातली वळणं खरी मानायची नाहीत. बऱ्याचदा तो भाग शरीरातही घडीविना मोकळाच असतो. दुधातलं केसीन या जातीचं. साखळीच्या वळणांचे कोन शक्य आहेत का हे दाखवणारा रामचंद्रन आलेख काढला तर असल्या भागातले बिंदू भलत्या जागी पडलेले सापडू शकतात. मद्रासमध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी 1963 साली मांडलेली ही तपासणी आजही तितकीच कामाची आहे. आणखी एक सापळा: फाइलमध्ये हा विश्वासांक बी-फॅक्टरच्या रकान्यात लिहिलेला असतो. प्रयोगातल्या रचनेत तिथे मोठा आकडा म्हणजे जास्त हालचाल, इथे मोठा आकडा म्हणजे जास्त खात्री. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बी-फॅक्टरप्रमाणे रंगवलं की अर्थ उलटा होतो.

दोन साखळ्या एकमेकींना खरंच चिकटतात का, हे रंगांवरून कळत नाही. त्यासाठी आयपीटीएम, म्हणजे साखळ्यांच्या परस्पर मांडणीवरच्या विश्वासाचा आकडा, बघा: 0.8च्या वर भरवशाचं, 0.6च्या खाली बहुधा फसलेलं, मधलं बेभरवशाचं. सोबतच्या हिरव्या चौकोनी आलेखात दोन साखळ्यांमधला चौकोन गडद असेल तर त्यांची परस्परांतली जागा पक्की. कर्णावरचे चौकोन गडद आणि बाकी फिकट असेल, तर साखळ्या सुट्या-सुट्या बरोबर, पण मांडणी रामभरोसे.

इन्सुलिन हा नवशिक्यांचा आवडता विषय, आणि हमखास चुकणारा. युनिप्रॉटवरचा 110 अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम चिकटवला तर सर्व्हर निमूटपणे न कापलेली एकच साखळी घडवतो. सुरुवातीची 24 आम्लं आणि मधली 35 पेशी कापून टाकते, हे त्याला कोण सांगणार? 25 ते 54 ही बी साखळी आणि 90 ते 110 ही ए साखळी वेगवेगळी द्या. मग ए7–बी7, ए20–बी19 आणि ए6–ए11 या सिस्टीनच्या जोड्यांतलं गंधकांचं अंतर मोजा. दोन अँगस्ट्रॉमच्या आसपास हवं.

एकट्या साखळीचा आकारच हवा असेल तर जॉब वाया घालवू नका. अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये वीस कोटींहून अधिक तयार रचना आहेत. फक्त त्यांत हीमसारखे रेणू नसतात. डेटा बँकेत प्रयोगाची रचना असेल तर आधी तीच घ्या.

निकाल व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाहीत, तेव्हा औषध कंपनीच्या इंटर्नशिपचं काम इथे टाकण्याआधी अटी वाचा. आणि अहवालात चित्राखाली दिलेला क्रम, सीड (गणना सुरू करताना घेतलेला यादृच्छिक आकडा), मॉडेल क्रमांक आणि तारीख लिहा. सीड बदलला की मोकळे भाग दर वेळी वेगळे दिसतात, आणि नोंद नसेल तर परीक्षकांसमोर तेच चित्र पुन्हा काढून दाखवता येत नाही.