प्लग-इन हायब्रिडची वाट बघत होतो, शेवटी फुल इलेक्ट्रिक घेतली (बडोदा, एक वर्ष, १३ हजार किमी)

आधीची पेट्रोल गाडी ऑगस्ट २०२४ च्या पुरात गेली. जन्माष्टमीचा तो पाऊस, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर, आणि आम्ही राहतो नदीजवळच्या समा भागात, म्हणजे पुढचं बडोदेकरांना सांगायला नको. पाणी ओसरलं तेव्हा गाडीच्या सीटवर बोटभर गाळ होता. इन्शुरन्सचं इंजिन प्रोटेक्शन मी शंभर वेळा नको म्हटलेलं, त्याचं फळ मिळालं, जाऊ दे.

तर नवीन गाडी घ्यायचीच होती. त्यात डिसेंबरात मेलबर्नला भावाकडे गेलो, त्याच्याकडे मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन हायब्रिड आहे (म्हणजे घरी वायर लावून चार्ज करायची, विजेवरही चालते आणि पेट्रोलवरही), २० युनिटची (किलोवॅट-तास) बॅटरी आणि सोबत २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन. गाडी खरंच मस्त. रात्री गॅरेजमधे साध्या सॉकेटला लावायची, दुसऱ्या दिवशी ऑफिस, शाळा, किराणा सगळं विजेवर, आणि लांब जायचं तर पेट्रोल आहेच. मी तर प्रेमातच पडलो, बायकोला म्हटलं आपण हेच घ्यायचं, रेंजची भीती नाही काही नाही. दादा म्हणाला, "अरे पण तीन महिने पेट्रोल भरलंच नाही तर ही बया आपणहून इंजिन चालू करते, पेट्रोल शिळं होतं म्हणून." तेव्हा हसलो, पण ते शिळं पेट्रोल डोक्यात राहिलं. म्हणजे इंजिन वापरा नाहीतर वापरू नका, त्याचं ऑईल, फिल्टर, बेल्ट सगळं सांभाळायचंच, वर बॅटरीपण सांभाळायची. दोन बायका फजिती ऐका म्हणतात तसला प्रकार.

बडोद्याला आल्यावर शोरूम पालथे घातले. एका ठिकाणी सेल्सवाल्या पोराने "सर यही है प्लग-इन" म्हणून जी दाखवली तिला प्लगच नव्हता. ती स्ट्राँग हायब्रिड. मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडरमधे बॅटरी असते पाऊण युनिटची, ब्रेक मारल्यावर आणि इंजिनवर चार्ज होते, बाहेरून वायर लावायची सोयच नाही. अॅव्हरेज छान देतात, त्याबद्दल वाद नाही, पण ती शेवटी पेट्रोलवरच चालणारी गाडी. खरी प्लग-इन म्हणून जे सापडलं ते बीएमडब्ल्यू एक्सएमसारखं, किंमत दोन कोटींच्या वर, म्हणजे समामधला आमचा अख्खा फ्लोअर विकायला लागेल. आणि टॅक्सचं गणित बघा, तेव्हा मोठ्या हायब्रिडवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के, इलेक्ट्रिकवर ५. सप्टेंबर २०२५ नंतर ते ४३ चं ४० झालं, इलेक्ट्रिक ५ वरच राहिली. मग स्वस्त प्लग-इन येणार कुठून?

तरीपण मी वाट बघायच्या मूडमधे होतो. गाडं फिरलं ते एका रिपोर्टने. युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मधे गाड्यांमधल्याच मीटरचा डेटा काढून बघितला तर प्लग-इन गाड्या रस्त्यावर कागदावरच्या आकड्याच्या साधारण साडेतीन पट कार्बन सोडत होत्या. कारण अगदी साधं, लोक चार्जच करत नाहीत. मी स्वतःला ओळखतो ना! पेट्रोलची सोय असली की पावसात खाली जाऊन वायर कोण लावणार. आणि चार्ज न केलेली प्लग-इन म्हणजे दोन टनांची पेट्रोल गाडी, बॅटरीचं ओझं फुकट वाहणारी. उलट मी रोज नेमाने चार्ज करणारा असेन तर इंजिन तरी कशाला पाहिजे? माझं रोजचं येणं-जाणं शहरातल्या शहरात, समा ते मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) आणि परत. इथे येऊन मी वाट बघणं सोडलं.

अखात्रीजला (अक्षय्य तृतीयेला) ३८ युनिटची फुल इलेक्ट्रिक घरी आणली. गुजरातमधे तेव्हाच रोड टॅक्स ६ वरून १ टक्का झाला होता, तोही फायदा मिळाला.

आता खरा त्रास, जो गाडीचा नाहीच, सोसायटीचा आहे. आपल्या मीटरवरून आपल्या पार्किंगमधे चार्ज करायला सरकारच्या २०२२ च्या गाईडलाईनपासूनच परवानगी आहे, तो कागद प्रिंट काढून मीटिंगला नेला तर एक काका म्हणे आग लागली तर? दुसरे म्हणे सगळ्यांनी लावले तर ट्रान्सफॉर्मर उडेल. (हा प्रश्न खरं तर बरोबर आहे, पण तेव्हा अख्ख्या बिल्डिंगमधे इलेक्ट्रिक गाडी एक, माझी.) दोन महिने गेले. मीटरचा मंजूर लोड वाढवून घेतला, मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी केबल, वेगळं एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग नवीन, आणि पुराची अद्दल म्हणून बॉक्स भिंतीवर छातीच्या उंचीला. तोपर्यंत बाहेरच्या चार्जरवर दिवस काढले, तिथे युनिटला वीसच्या आसपास पडतं आणि घरी आठ.

खर्च सांगतो. महिन्याला ११०० किमी धरा. शहरात मला युनिटला ७ किमी मिळतात, म्हणजे १५७ युनिट, साडेबाराशे रुपये. जुन्या गाडीला १४ चा अॅव्हरेज आणि ९५ चं पेट्रोल धरलं तर साडेसात हजार व्हायचे. मेमधे ४२-४३ डिग्रीत एसी फुल असतो तेव्हा ७ चे सहा होतात, आणि हायवेला शंभरने मारली तरी तेच.

दिवाळीत आईला घेऊन पुण्याला गेलो. निघताना १०० टक्के, नवसारीला २० टक्क्यांवर पोचलो. हॉटेलच्या आवारात चार्जरच्या दोन गन, एक बंद, दुसरीला आधीच एक गाडी आणि तिचा मालक जेवायला बसलेला, निवांत. पाऊण तास ते, मग आमची पन्नास मिनिटं. आई म्हणाली, "पूर्वी नुसतं पेट्रोल भरायचो तर शू करायलाही वेळ देत नव्हतास, ही गाडी बरी." दुसरा स्टॉप ठाण्याआधी, तिसरा खंडाळ्याचा घाट चढून झाल्यावर, कारण घाटात बॅटरी बघता बघता खाली येते (उतारावर थोडी परत मिळते, पण पुण्याकडे जाताना चढच जास्त). एकूण साडेअकरा तास. पूर्वी नऊ लागायचे. फोनमधे पाच अॅप, पाचात थोडे थोडे पैसे अडकलेले, हा वैताग वेगळाच. दादाची प्लग-इन असती तर? फार तर भरूचपर्यंत वीज आणि तिथून पुण्यापर्यंत सरळ पेट्रोल, कुठेही न थांबता. वर्षातून दोनदा पुणं करणाऱ्याला हे सुख किती मोलाचं ते ज्याचं त्याने बघावं, महिन्यातून दोनदा मुंबई गाठणाऱ्याला मी माझी गाडी घे म्हणून सांगणार नाही.

पुराचं सगळे विचारतात. बॅटरी आयपी ६७ असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायची चाचणी. आमच्याकडे पाणी दोन दिवस होतं! त्यामुळे विश्वामित्री २० फुटांवर गेली की मी गाडी सरळ फ्लायओव्हरवर नेऊन लावतो, पेट्रोल असती तरी तेच केलं असतं. बॅटरीचं वेगळं इन्शुरन्स कव्हर मात्र या वेळी न विचारता घेतलं.

दांडिया बाजारचा मामेभाऊ पण घ्यायची म्हणतोय. त्याची गाडी वाड्याच्या बाहेर, रस्त्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. त्याला सांगितलं, तुझ्यासाठी इलेक्ट्रिक नाही आणि उद्या प्लग-इन आली तरी तीही नाही, तू सीएनजी किंवा साधी हायब्रिड बघ. तर म्हणतो दुसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडतो की. मामी आतून म्हणाली, "सोड, पण उत्तरायणला (संक्रांतीच्या पतंगांत) ती मांज्याने राहते का ते आधी बघ."