रिफंडसाठी फोन मीच लावला होता

सांगलीत माझं कॉम्प्युटर आणि मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणारच की याला एवढं पण कळू नये का. कळतं हो. आठवड्यात दोन-तीन तरी गिऱ्हाइकं अशी येतात, कुणी लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरनं आलेलं ॲप, उघडलेली असते, कुणी गाडीच्या चलानची, आणि मी हातात स्क्रू ड्रायव्हर धरून त्यांना लेक्चर देतो. त्याच माणसाचे जानेवारीत ८७,३०० रुपये गेले. आणि चोरानं मला फोन केला नव्हता, मी त्याला केला होता. लॉटरी नाही, दामदुप्पट नाही, माझेच पैसे मला परत पाहिजे होते, बस.

धाकटी बहीण गुरगावला असते. आईला एकदा विमानात बसवायचं दोन वर्षं माझ्या डोक्यात होतं. सांगलीला विमानतळ नाही, कवलापूरच्या विमानतळाचं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि अजून ऐकतोच आहे. म्हणून पुण्याहून दिल्ली, मी, बायको आणि आई, तिघांची तिकिटं विमान कंपनीच्या ॲपवरनंच काढली, क्रेडिट कार्डानं, २१,३४८ रुपये. मला विमानांचं वेड आहे, दुकानात गिऱ्हाईक नसलं की आपल्या डोक्यावरनं कुठलं विमान कुठं चाललंय ते फोनवर बघत बसतो, त्यामुळं संक्रांतीच्या तोंडावर दिल्लीचं तिकीट काढताना धुक्याचं माहीत नव्हतं असं पण म्हणता येत नाही. १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा काळ म्हणून डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, ठरवूनच ठेवलाय. लोहगावच्या नव्या टर्मिनलमध्ये बसून मी आईला हेच समजावत होतो, की दाट धुक्यात उतरायची कॅट थ्री बी नावाची सोय असली तर धावपट्टीवर ५० मीटर दिसलं तरी विमान उतरवता येतं, पण त्याला धावपट्टीवरची यंत्रणा, विमान आणि पायलट तिन्ही त्या तयारीचं लागतं, आणि उडायला १२५ मीटर तरी दिसावं लागतं, मग उतरलेलं विमान तिथंच अडकतं आणि आपल्याला न्यायला येत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे आपलं विमान तिकडं धुक्यात उभं आहे, मग इथं बोर्डावर ऑन टाइम कसं काय लिहिलंय रे?

साडेचारला ते ऑन टाइमचं कॅन्सल्ड झालं. दुसऱ्या दिवशीचं मिळेल म्हणाले, पण त्याचा पण भरवसा कुणी देईना, आईचे गुडघे दुखायला लागले, मग मी रिफंडचा पर्याय दाबला आणि आम्ही स्वारगेटला येऊन रात्रीच्या एसटीनं सांगलीला परत. आईच्या पिशवीतलं भडंग आणि तिळाच्या वड्या जशाच्या तशा.

आता इथनं खरी गोष्ट सुरू होते, आणि ती चोरापासनं नाही, ॲपपासनं होते.

दोन दिवस झाले तरी रिफंडचं काही दिसेना म्हणून ॲप उघडलं तर म्हणतंय आधी अपडेट करा. अपडेट केलं तर लॉगआउट झालं. लॉगिन केलं तर ओटीपी येईना, आला तोवर टाइम संपला. शेवटी आत गेलो तर फोन नंबर कुठंच नाही, कोपऱ्यात एक चॅटबॉट हसतोय. त्याला विचारलं रिफंड कधी, तर त्यानं मला सामान, चेक-इन, जेवण आणि ऑफर असे चार पर्याय दिले. माणसाशी बोलायचंय असं टाइप केलं तर म्हणला आमची सेवा कशी वाटली, पाच पैकी किती तारे देणार. मी पेशानं या यंत्रांशीच दिवसभर भांडणारा माणूस, पण त्या दिवशी दुपारी माझं डोकं असं सणकलं की विचारू नका, दुकानात एका फोनची चार्जिंग पिन काढून ठेवलेली, गिऱ्हाईक काउंटरवर उभं, आणि तशातच मी कंपनीचं नाव आणि पुढं रिफंड हेल्पलाइन नंबर असं सर्च केलं. पहिलाच नंबर आला, मोठ्या अक्षरात, वर बारीक स्पॉन्सर्ड लिहिलेलं. लावला.

स्पॉन्सर्ड म्हणजे कुणीतरी पैसे भरून वर आणलेली जाहिरात, हे मी स्वतः लोकांना सांगतो. नकाशावर दिसणारे नंबर पण कुणीही दुरुस्ती सुचवून बदलायला लावू शकतं, हे पण सांगतो. पण वैतागलेल्या माणसाला अक्षरं दिसत नाहीत, नंबर तेवढा दिसतो.

पलीकडं कंपनीची असते तसली ट्यून वाजली, हिंदीसाठी एक दाबा, मग एक पोरगा लाइनवर आला. लई अदबीनं बोलत होता. पीएनआर आणि आडनाव विचारलं. मी दिलं. तो म्हणला सर एक मिनट, आणि मग पुणे-दिल्ली, अमुक तारीख, तीन प्रवासी, आईचं नाव, सीट नंबर, सगळं धडाधड सांगितलं. माझा विश्वास तिथं बसला. पुढं जे झालं ते यामुळंच झालं. रात्री झोप लागेना तेव्हा डोक्यात उजेड पडला की हे सगळं मीच त्याला दिलं होतं. पीएनआर आणि आडनाव टाकलं की कुणालाही कंपनीच्या वेबसाइटवर बुकिंग उघडून बघता येतं, तो फक्त समोरचं वाचून दाखवत होता. तिकिटाचे, बोर्डिंग पासचे फोटो स्टेटसला टाकणाऱ्यांनो, तुमचं पण असंच उघडं पडलेलं असतं.

मग म्हणला, सर क्रेडिट कार्डला रिफंड जायला वीस दिवस लागतात, डेबिट कार्डला दोन तासांत करून देतो, फक्त एक फॉर्म भरावा लागेल. व्हॉट्सॲपवर फाइल आली. एपीके. आणि मी, ज्यानं शंभर लोकांना एपीके दाबू नका म्हणून सांगितलंय, त्यानं ती दाबली. कारण त्यावर कंपनीचा लोगो होता आणि कंपनीच्या खऱ्या ॲपनं अर्ध्या तासात मला इतका छळला होता की हे पण त्यांचंच काहीतरी भिकार असणार असं वाटलं. हसू नका, खरंच असं वाटलं.

फोननं मला तीनदा अडवलं. पहिल्यांदा म्हणाला हे अनोळखी ठिकाणचं ॲप आहे. मी परवानगी दिली. मग प्ले प्रोटेक्टनं, म्हणजे ॲप तपासणाऱ्या गूगलच्या पहारेकऱ्यानं, लाल खूण दाखवली, तरीही इन्स्टॉल करा म्हणून खाली बारीक अक्षरात असतं ते दाबलं. मग त्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि आपल्या वतीनं बटणं दाबायची परवानगी, पाहिजे होती, तिथं तर बटणच फिकट झालेलं. अँड्रॉइड १३ पासनं बाहेरनं टाकलेल्या ॲपला ही परवानगी सरळ मिळत नाही, सेटिंगमध्ये ॲपच्या पानावर जाऊन वरचे तीन ठिपके दाबून रिस्ट्रिक्टेड सेटिंगला मुद्दाम मोकळीक द्यावी लागते. हे कुणाला माहीत असतं? मला माहीत होतं. पोरगा नुसता तीन ठिपके म्हणला आणि मी पुढचं आपोआप केलं, उलट मनात म्हणलं, बघ कसं पटकन जमतंय आपल्याला, दुसरा कोणी असता तर त्याला अर्धा तास लागला असता. बॅटरीच्या ॲपला लोकेशन पाहिजे, कॅल्क्युलेटरला कॉन्टॅक्ट पाहिजे, रोज वीस वेळा अलाऊ दाबून दाबून आपल्या अंगठ्याला सवय लागलीय, डोक्याला विचारतोय कोण.

एसएमएसची परवानगी पण त्यानं घेतली होती हे नंतर कळलं. फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, आणि व्हेरिफिकेशनचे १० रुपये. सर लाइन पे रहिए, फोन को टच मत कीजिए. स्क्रीनवर गोल फिरत होतं, रिफंड प्रोसेस होत आहे. ओटीपी येत होते आणि ते ॲप वाचून परस्पर पुढं पाठवत होतं, मला एक पण वाजला नाही. अकरा मिनिटं मी फोनला हात न लावता बसलो, एवढा आज्ञाधारक मी शाळेत पण नव्हतो. मग फोन कट.

संध्याकाळी भडंग घ्यायला गेलो. विमान गेलं खड्ड्यात, कुरिअरनं तरी बहिणीला पाठवू म्हणलं. दोन किलो बांधून घेतलं, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, तर शिल्लक पुरेशी नाही. दुकानदार म्हणला नेटवर्क असेल, परत करा. परत तेच. बॅलन्स बघितला तर ४१२ रुपये.

पिशवी तिथंच ठेवली. आणि एवढं एक काम मात्र माझ्या हातनं बरोबर झालं, फोन पहिल्यांदा फ्लाइट मोडवर टाकला. विमानात बसायला मिळालं नाही पण बटण उपयोगी पडलं. असं झालं तर तुम्ही पण आधी तेच करा, वायफाय पण बंद झालंय का बघा, ते ॲप आत बसून अजून ओटीपी बाहेर पाठवत असतं, त्याचा श्वास आधी बंद करायचा आणि बाकी सगळे फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरनं लावायचे. मी दुकानदाराच्या फोनवरनं बँकेला लावून कार्ड ब्लॉक केलं, बँकेचा नंबर कार्डाच्या मागं छापलेला असतो तो, सर्च करून नव्हे. मग १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. लाइन दोनदा बिझी लागली, तिसऱ्यांदा लागली, त्यांनी व्यवहाराचे नंबर आणि वेळा विचारल्या आणि तक्रारीचा नंबर दिला. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर पुढची तक्रार भरायची असते ती रात्री भरली. ४९,०००, २९,५०० आणि ८,८०० असे तीन व्यवहार होते. पहिल्या दोनाचं गिफ्ट कार्डांत रूपांतर होऊन वापरून पण झालं होतं, शेवटचे ८,८०० एका वॉलेटमध्ये होते ते तिथंच गोठवले गेले. दुपारीच कळलं असतं तर अजून काहीतरी हाताला लागलं असतं, तेवढ्या चार तासांत खेळ झाला.

घरी येऊन मी फोन फॉरमॅट मारायला घेतला होता. सवय. बायकोनं हातातनं काढून घेतला, म्हणाली पोलिसांना काय रिकामा डबा दाखवणार आहेस का. बरोबर होतं तिचं. ती फाइल, व्हॉट्सॲपचं चॅट, कॉलची वेळ, सगळ्याचे दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढून ठेवले, सायबर पोलिसांनी दुसऱ्या दिवशी नेमकं तेच मागितलं, आणि त्यानंतरच फोन पुसला.

बँकेत गेलो तर साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगितलं. चूक तुमची आणि बँकेची दोघांचीही नसेल, मधल्याच यंत्रणेची असेल, तर कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत कळवलं की तुमच्यावर काही येत नाही. पण कार्डाची माहिती तुम्ही स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर गेलं तर बँकेचं. माझं सगळं कळवायच्या आधी गेलेलं. वाद घालायला जागाच नव्हती.

आणि आता ऐका. विमान कंपनीचा खरा रिफंड सहाव्या दिवशी आपोआप आला. २१,३४८, पैसा न पैसा, त्याच क्रेडिट कार्डावर. क्रेडिट कार्डानं काढलेल्या तिकिटाचा रिफंड सात दिवसांत द्यायचा असा डीजीसीएचा नियम आहे आणि तो मला पाठ होता, आईला एसटीत सांगितला पण होता! नाहीच आला असता तर सरकारचं एअरसेवा पोर्टल २०१६ पासनं आहे, तिथं तक्रार टाकता आली असती. मला फक्त चार दिवस गप्प बसायचं होतं. माझी तक्रार त्या पोरापेक्षा जास्त त्या चॅटबॉटवर आहे, हे पोलिसांना पटलं नाही, पण माझं मत तेच आहे. तुम्ही तुमचा नंबर सात कुलपांत लपवून ठेवता, मग लोकं रस्त्यावर सापडेल तो नंबर लावणार.

त्या जाहिरातीची तक्रार मी केली. ती गेली. चार दिवसांनी बघितलं तर त्याच जागी दुसरा नंबर, तोच लोगो.

फेब्रुवारीत अजून एक फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे रिकव्हर झालेत, १,५०० फाइल चार्ज भरा. एकदा फसलेल्यांची यादी पण ही लोकं आपापसात विकतात बहुतेक. मी काही बोलायच्या आत आईनं फोन घेतला आणि त्याला मराठीतच आमच्या विमानाची अख्खी गोष्ट सुरुवातीपासनं सांगायला घेतली, स्वारगेटपर्यंत आली तेव्हा त्यानं ठेवला.

८,८०० अजून गोठलेलेच आहेत. मार्चमध्ये आईला गोवा एक्स्प्रेसनं मिरजेहून निजामुद्दीनला धाडलं, भडंगाची पिशवी यावेळी पोचली. गाडी चाळीस मिनिटं लेट होती. मी प्लॅटफॉर्मवर सवयीनं फोन काढला, गाडी कुठं आलीय बघायला, तर आईनं माझा हात धरला. म्हणाली, ठेव तो खिशात, येईल ती. आणि कुणाला फोन लावू नकोस.